तिलवाऱ्याहून: गढ्याची राणी आणि नाईलकाठची राणी

नागपूरहून रस्त्याने जबलपूरला येताना नर्मदा ओलांडायची ती तिलवाऱ्याला. मराठी माणसाला या घाटाची ओळख पटकन पटते ती तिळामुळे. संक्रांतीला इथे मोठी जत्रा भरते आणि लोक घाटावरच्या महादेवाला तीळ वाहतात. १९३९ सालचं काँग्रेसचं त्रिपुरी अधिवेशन याच परिसरात झालं, ज्यात सुभाषबाबू अध्यक्ष होते. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग याच पाण्यात सोडला गेला. पण या वेळी लिहायचं आहे ते त्याच्या बऱ्याच आधीच्या गोष्टीबद्दल.

घाटावर उभं राहून उत्तरेकडे तोंड केलं, की काळ्या ग्रॅनाइटच्या टेकड्या आणि त्यांच्या पलीकडे जबलपूर शहर. या टेकड्यांच्या कुशीत गढा नावाची वस्ती आहे. आज ती जबलपूरचा एक मोहल्ला वाटते. पण एके काळी गढा हे नाव आधी होतं आणि जबलपूर हे त्याच्या शेजारचं गाव. पंधराव्या-सोळाव्या शतकात इथून गोंड राजे मध्य भारताचा मोठा मुलूख सांभाळत होते. मुघलांच्या कागदांत त्या राज्याचं नाव 'गढा-कटंगा', आपल्या बखरींत आणि पत्रांत 'गढामंडला'.

एकाच प्रश्नाभोवती आजचा लेख आहे. ज्यांचा इतिहास बहुतेक त्यांच्या शत्रूंनीच लिहून ठेवला आहे, अशा लोकांना आपण कसं वाचायचं? हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो इथे नाही, नाईल नदीच्या काठी. म्हणून दोन्ही नद्यांबद्दल लिहितो.

बावन्न गड आणि एक सोन्याचं नाणं

गोंड राजवंशाची स्वतःची वंशावळ मंडल्याजवळ रामनगरला दगडावर कोरलेली आहे. राजा हृदय शाहने १६६७ साली तो संस्कृत शिलालेख करवला. त्यात यादवराय या मूळपुरुषापासून पन्नासच्या वर राजांची नावं आहेत. सुरुवातीची नावं इतिहासापेक्षा परंपरेतली म्हणावी लागतील, पण संग्राम शाहपासून पुढे आपले पाय पक्क्या जमिनीवर असतात.

संग्राम शाहचं मूळ नाव अमानदास. गुजरातच्या बहादूर शाहला रायसेनच्या मोहिमेत त्याने मदत केली आणि त्याबद्दल 'संग्राम शाह' हा किताब मिळाला, असं अकबराचा इतिहासकार अबुल फजल लिहितो. बावन्न गडांचा मालक ही त्याची ख्याती. आजच्या जबलपूर, मंडला, दमोह, सागर, नरसिंहपूर या जिल्ह्यांत आणि थेट भोपाळच्या बाजूपर्यंत हे गड पसरलेले होते. सातपुड्यातला चौरागड हा त्यांचा खजिन्याचा किल्ला.

त्याची सोन्याची नाणी सापडली आहेत. त्यांवर त्याने आपल्या कुळाचं नाव दिलं आहे ते 'पुलस्त्य वंश'. पुलस्त्य म्हणजे रावणाचा आजोबा. त्या काळात मोठा होणारा प्रत्येक राजा भाटांकडून सूर्यवंश किंवा चंद्रवंश जोडून घेत असे. हा राजा मात्र सोन्यावर उघडपणे रावणाचं कूळ मिरवतो. दिल्ली, माळवा आणि गुजरातच्या सुलतानांच्या शेजारी राहूनही त्याला दुसऱ्या कुणासारखं दिसायची गरज वाटली नाही, एवढं ते नाणं नक्की सांगतं.

दुसरी खूण पाण्याची. तिलवाऱ्याहून मेडिकल कॉलेजच्या रस्त्याने शहराकडे येताना संग्राम सागर हा तलाव लागतो आणि त्याच्या जवळ बाजनामठचं भैरवाचं देऊळ. दोन्ही संग्राम शाहच्या नावावर आहेत. पुढे शहरात राणीताल, चेरीताल, आधारताल. पहिला राणी दुर्गावतीचा, दुसरा तिच्या दासीचा (चेरी म्हणजे दासी), तिसरा तिचा मंत्री आधारसिंह याचा, असं सगळं जबलपूर सांगतं. दासीच्या नावाचा तलाव राणीच्या आणि मंत्र्याच्या तलावाबरोबरीने लोकांच्या तोंडी राहिला, ही साधी गोष्ट नाही. ग्रॅनाइटच्या उतारावर पाणी थांबत नाही, ते अडवावं लागतं. या लोकांना ते येत होतं. आज त्यातल्या अनेक तलावांवर बाजार आणि कॉलन्या उभ्या आहेत.

तिसरी खूण मदन महाल. एका प्रचंड शिळेच्या डोक्यावर बांधलेली छोटी दुमजली वास्तू, समोर घोड्यांच्या पागांसारखी दालनं. नाव महाल असलं तरी कुणाही फौजी माणसाला ती चौकीच वाटेल. वर उभं राहिलं की चारही बाजूंचा मुलूख नजरेत येतो. आमच्या भाषेत उत्तम 'ऑब्झर्व्हेशन पोस्ट'.

नाईलच्या वळणावरचे लोक

तरुणपणी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर सुदानमध्ये होतो. सुटीच्या दिवशी आम्ही काही अधिकारी खार्तूमहून उत्तरेला मेरोचे पिरॅमिड पाहायला गेलो. वाळूच्या टेकडीवर डझनावारी अरुंद, उभ्या उताराचे पिरॅमिड, आणि पाहायला आलेले फक्त आम्ही. आमच्या सुदानी वाहनचालकाने सांगितलं, "पिरॅमिड म्हटलं की जग इजिप्तला जातं. पण संख्येने जास्त आमच्याकडे आहेत." आणि ते खरं आहे. सुदानमध्ये दोनशेहून अधिक पिरॅमिड आहेत.

हा मुलूख म्हणजे प्राचीन नुबिया. इजिप्तमधल्या असवानपासून सुदानमधल्या खार्तूमच्या आसपासपर्यंत नाईलचं पात्र सहा ठिकाणी खडकांनी अडलं आहे. या खडकाळ टप्प्यांमुळे उत्तरेकडचं सैन्य होड्यांतून सरळ वर येऊ शकत नव्हतं. इजिप्शियन लोक या प्रदेशाला 'धनुष्याची भूमी' म्हणत, कारण इथले तिरंदाज नामांकित होते. कैरोच्या संग्रहालयात एका इजिप्शियन अधिकाऱ्याच्या कबरीतून निघालेली ४० नुबियन तिरंदाजांची लाकडी पलटण आहे. चार हजार वर्षांपूर्वीची, चारचारच्या ओळीत, पाऊल मिळवून चाललेली. परेड ग्राउंडवर आयुष्य गेलेल्या माणसाला ती पाहून हसूही येतं आणि आदरही वाटतो.

इ.स.पू. २५०० ते १५०० या काळात केरमा हे त्यांचं मोठं शहर होतं. मातीच्या विटांचं त्याचं भव्य देऊळ आजही उभं आहे. इजिप्तच्या राजांनी केरमाच्या धाकाने दुसऱ्या खडकाळ टप्प्यावर बुहेन, सेमना अशी किल्ल्यांची रांगच बांधली. आणि याच इजिप्शियन राजांच्या शिलालेखांत या शेजाऱ्यांचं ठरलेलं विशेषण आहे 'नीच कुश'. कुश हे त्यांच्या राज्याचं नाव. इथे फौजी डोकं एक साधा प्रश्न विचारतं: शत्रू जर इतका नीच आणि दुबळा होता, तर त्याच्यासाठी एवढे जाड तट, खंदक आणि बुरूज कशाला? लेखात शत्रूला तुच्छ लिहिता येतं, पण किल्ला बांधताना खरा हिशेब करावा लागतो.

पुढे इ.स.पू. ७३० च्या सुमारास याच कुशचा राजा पिये नाईलवरून खाली उतरला आणि त्याने सगळा इजिप्त जिंकला. त्याचा वंश इजिप्तच्या गादीवर पंचविसावा राजवंश म्हणून बसला. पियेने आपल्या विजयाचा लेख दगडावर कोरून ठेवला. त्यात एक प्रसंग आहे. शरण आलेल्या एका राजाच्या पागेत तो गेला, तर वेढ्याच्या काळात तिथले घोडे उपाशी ठेवलेले. आपल्याविरुद्ध केलेल्या इतर सगळ्या अपराधांपेक्षा या गोष्टीचा आपल्याला जास्त राग आल्याचं तो लिहितो. पियेने आपल्या कबरीशेजारी आपले घोडेही पुरवले. नुबियाबद्दलची ही थोड्या गोष्टींपैकी एक, जी त्यांच्याच तोंडून आली आहे. आणि बघा, तिच्यातून माणूस कसा लगेच उभा राहतो.

जून १५६४: नर्रईची लढाई

आता परत नर्मदेकडे. संग्राम शाहचा मुलगा दलपत शाह, त्याची पत्नी दुर्गावती. ती महोब्याच्या चंदेल घराण्यातली. दलपत शाह लवकर वारला, तेव्हा मुलगा वीरनारायण पाच वर्षांचा होता. राणीने मुलाला गादीवर बसवून स्वतः कारभार हाती घेतला आणि दीड दशकाच्या आसपास तो चालवला. माळव्याच्या बाजबहादूरने चढाई केली, त्याला तिने परत पाठवलं.

तिच्याबद्दल आपल्याला जे तपशीलवार माहीत आहे ते अबुल फजलकडून, म्हणजे तिला संपवणाऱ्या दरबाराच्या इतिहासकाराकडून. तो लिहितो की तिच्याकडे २० हजार घोडेस्वार आणि हजार हत्ती होते. बंदूक आणि बाण दोन्हींत ती तरबेज होती, आणि वाघ दिसल्याची खबर आली की त्याला मारल्याशिवाय पाणी पीत नसे. एवढी स्तुती केल्यावर तो तिचा दोषही सांगतो. यशाने तिला गर्व झाला आणि ती बादशाही उंबरठ्यापुढे झुकली नाही. त्याच्या लेखी तिचा गुन्हा एवढाच.

१५६४ मध्ये कड्याचा सुभेदार आसफ खान १० हजार स्वार घेऊन गढ्यावर आला. अबुल फजलच्या म्हणण्यानुसार खबर आली तेव्हा राणीची फौज ठिकठिकाणी पांगलेली होती आणि तिच्याजवळ जेमतेम ५०० माणसं. मंत्री आधारने परिस्थिती स्पष्ट सांगितली. राणीने माघारीचा विचार केला नाही, पण आंधळी धावही घेतली नाही. ती नर्रईला गेली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला गौर आणि नर्मदा या नद्या, आत शिरायला अवघड खिंड. संख्या कमी असेल तर जागा अशी निवडावी की शत्रूला त्याची संख्या वापरताच येऊ नये. खडकवासल्याला 'सँड मॉडेल'वर आम्हाला हेच शिकवलं जाई. तिथे थांबल्यामुळे वेळ मिळाला आणि हळूहळू पाच हजारांच्या आसपास माणसं जमली.

पहिल्या चकमकीत खिंडीच्या तोंडावर तिचा फौजदार अर्जुनदास बैस पडला. मग राणी स्वतः उतरली. शत्रूला खिंडीत येऊ दिलं आणि दोन्ही बाजूंनी मारा केला. मुघलांची ३०० माणसं पडली, बाकी पळाली. दिवस राणीचा होता.

संध्याकाळी तिने सरदारांची बैठक घेतली आणि सांगितलं की आज रात्रीच छापा घालू, नाहीतर सकाळी आसफ खान स्वतः येऊन खिंडीचं तोंड धरेल आणि तोफा लावेल. सरदार तयार झाले नाहीत. दिवसभर लढलेली माणसं, जखमी, मेलेल्यांचे अंत्यविधी, त्यांची कारणं समजण्यासारखी आहेत. पण मिळालेली आघाडी रात्रीत गमावली जाते हे तिला दिसत होतं आणि त्यांना दिसलं नाही. सकाळी अगदी तिने सांगितलं तसंच झालं. खिंडीच्या तोंडावर तोफखाना आला.

राणी हत्तीवर बसून लढली. वीरनारायण जखमी झाला, त्याला मागे पाठवावं लागलं, आणि त्याच्याबरोबर बरीच माणसंही निघून गेली. तिच्याभोवती ३०० च्या आसपास उरले. एक बाण कानशिलात लागला, तो तिने उपसून काढला. दुसरा मानेत. शुद्ध गेली, परत आली. आपण पकडले जाऊ हे दिसल्यावर तिने आधारला आपल्याला मारायला सांगितलं. त्याचा हात उठेना. तेव्हा तिने स्वतःच खंजीर चालवला. परंपरेने हा दिवस २४ जून मानला जातो. पावसाळ्याचे दिवस. मागची नदी त्या रात्री फुगली आणि माघारीची वाट बंद झाली, असं इथले लोक सांगतात.

दोन महिन्यांनी चौरागड पडला. वीरनारायण लढून मेला, किल्ल्यात जोहार झाला. लुटीत अल्लाउद्दीन खिलजीच्या काळातल्या मोहरांचे हंडे आणि हजार हत्ती मिळाले. त्यातले फक्त २०० हत्ती आसफ खानाने बादशहाला पाठवले, बाकी सगळं दाबलं. हेही अबुल फजलच सांगतो. विजेत्यांच्या घरातली भांडणंसुद्धा कधी कधी पराभूतांच्या वैभवाचा पुरावा ठरतात.

एका डोळ्याची राणी

याच्या जवळजवळ सोळाशे वर्षं आधी कुशच्या राज्यावर अशीच वेळ आली होती. तोपर्यंत त्यांची राजधानी मेरोला होती. राजमातेला किंवा राणीला तिथे 'कंदाके' म्हणत आणि ती राज्यही करी, युद्धावरही जाई. इजिप्त रोमच्या ताब्यात गेला आणि ऑगस्टस सीझरचे अधिकारी दक्षिण सीमेवर आले. इ.स.पू. २५ च्या सुमारास कुशच्या फौजेने असवान, एलिफंटाइन आणि फिले या ठाण्यांवर हल्ला केला, कैदी नेले आणि सीझरचे पुतळे पाडले. कंदाके होती अमानिरेनास.

तिची हकीकत लिहिणारा स्ट्रॅबो हा ग्रीक लेखक इजिप्तच्या रोमन सुभेदाराचा मित्र. तो तिला 'पुरुषी बाई, एका डोळ्याने आंधळी' म्हणतो. रोमचा सेनापती पेट्रोनियस उलट चाल करून आला, नापाता हे कुशचं पवित्र शहर त्याने उद्ध्वस्त केलं. पण राणी पुन्हा फौज घेऊन आली. शेवटी तिचे वकील सामोस बेटावर थेट ऑगस्टसला भेटले. तह झाला आणि रोमने लादलेली खंडणी माफ झाली. स्ट्रॅबोच्या लिखाणात ही सीझरची उदारता आहे. पण जिंकणारा खंडणी का सोडतो, हे सीमेवर नोकरी केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

१९१० मध्ये मेरोच्या उत्खननात एका देवळाच्या पायरीखाली ऑगस्टसचं ब्राँझचं मस्तक सापडलं. पाडलेल्या पुतळ्यांपैकीच एकाचं. देवळात जाणारा प्रत्येक माणूस त्याच्यावर पाय देऊन आत जावा म्हणून ते तिथे पुरलं होतं. आज ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. रोमच्या लेखात जे नाही ते त्या पायरीखाली होतं.

दुर्गावती हरली आणि अमानिरेनासने तह मिळवला. फरक शौर्याचा नाही, अंतराचा आहे. रोमपासून मेरो फार लांब होतं, मध्ये वाळवंट आणि खडकाळ नाईल. कड्यापासून गढा काही आठवड्यांच्या वाटेवर होता, आणि आसफ खानाजवळ तोफा होत्या.

लिहिणारे कोण, गाणारे कोण

मेरोच्या लोकांकडे स्वतःची लिपी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रिफिथ या ब्रिटिश विद्वानाने तिची अक्षरं उलगडली. पण अक्षरं वाचता येऊनही भाषेचा अर्थ आजही फार थोडा लागतो. अमानिरेनासचं नाव असलेली एक मोठी शिळा आहे, तिच्यावरचं तिचं नाव वाचता येतं, बाकी मजकूर बहुतांशी मुका आहे. त्या पोकळीत इतरांनी आपलं म्हणणं भरलं. नुबियात मोठं उत्खनन करणारा अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉर्ज रायझनर याने तर कुशचे पराक्रमी राजे मूळचे गोऱ्या कातडीचे, बाहेरून आलेले असावेत असं मांडलं. एवढे पिरॅमिड काळ्या माणसांनी बांधले हे त्याला पटेना.

गोंडांबाबतही हेच झालं. बांधलेलं काही भव्य दिसलं की ते दुसऱ्या कुणाचं तरी, आणि जंगल दिसलं की ते गोंडांचं. पण त्यांच्याकडे लिहिलेल्या कागदाऐवजी गाणारी माणसं होती. परधान हे गोंडांचे पिढीजात गायक. 'बाना' हे तारवाद्य वाजवत ते यजमानांच्या घरी बडा देवाची, कुळांची आणि गढ्याच्या राजांची गाणी गात. ही परंपरा विसाव्या शतकात अडचणीत आली तेव्हा तिनेच एक नवी वाट काढली. मंडला भागातल्या पाटणगढचा तरुण परधान जनगढसिंह श्याम १९८० च्या दशकात भोपाळच्या भारत भवनात आला आणि जे त्याचे पूर्वज गात होते ते तो कागदावर काढू लागला. आज 'गोंड चित्रकला' म्हणून जी जगभर ओळखली जाते ती मोठ्या प्रमाणात त्याच्यापासून सुरू झाली. २००१ मध्ये जपानमध्ये त्याचा मृत्यू झाला. गोंडी भाषा मात्र जिवंत आहे. २०११ च्या जनगणनेत ती जवळजवळ ३० लाख लोकांनी आपली मातृभाषा सांगितली, आणि त्यातले कित्येक आपल्या गडचिरोली-चंद्रपूरचे आहेत.

आपली बाजू

आता मराठी वाचकांसाठी जरा अवघड भाग. गोंड राज्य १५६४ मध्ये संपलं नाही. अकबराला दहा गड देऊन दलपत शाहचा भाऊ चंद्र शाह गादीवर आला आणि राज्य आणखी दोन शतकं चाललं. राजधानी रामनगरला आणि पुढे मंडल्याला गेली. ते संपवलं ते आपण.

१७४२ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी मंडल्यावर चढाई केली. राजा महाराज शाह किल्ला लढवताना मारला गेला. त्याच्या मुलाला चौथाईच्या अटीवर गादी मिळाली. पुढे सागरच्या मराठी सुभ्याने १७८१ च्या सुमारास राज्यच खालसा केलं. शेवटचा राजा नरहर शाह खुरईच्या किल्ल्यात कैदेत मेला. मग हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. नागपूर शहरही देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहने १७०२ मध्ये वसवलेलं, आणि तिथेही त्याच्या वंशजांना पेन्शनवर बसवून रघुजी भोसल्यांनी सत्ता घेतली.

आपल्या बखरी वाचताना आपण नेहमी घोड्यावर बसलेल्या माणसाच्या जागी असतो. मंडल्याच्या तटावर उभं राहून तोच इतिहास वाचला की मराठी फौज समोरून येताना दिसते. यात लाज वाटून घ्यायची किंवा सफाई द्यायची गरज नाही. त्या काळच्या राजकारणात सगळेच हे करत होते. पण मुघलांच्या स्वारीबद्दल ज्या मोजमापाने आपण बोलतो, तेच मोजमाप आपल्या स्वाऱ्यांना लावलं पाहिजे. नाहीतर आपण इतिहास वाचत नाही, फक्त आपल्या बाजूने टाळ्या वाजवतो.

राज्य गेलं तरी घराणं उरलं होतं. १८५७ मध्ये याच वंशातले वृद्ध शंकर शाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथ शाह जबलपूरला पेन्शनवर राहत होते. छावणीतल्या शिपायांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून त्यांना पकडलं आणि १८ सप्टेंबरला तोफेच्या तोंडी दिलं. पाहायला शहर जमवलं होतं. त्याच रात्री ५२ व्या बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीने हत्यारं उचलली आणि ती छावणी सोडून गेली. जबलपूर आज ग्रेनेडियर्स, जम्मू-काश्मीर रायफल्स आणि सिग्नल्सच्या जवानांचं माहेर आहे. इथे प्रशिक्षण घेतलेल्या माझ्या ज्येष्ठांना हे विशेष सांगावंसं वाटतं: ज्या राजाची फौज कधीच मोडली होती, त्याच्यासाठी भाडोत्री म्हणवल्या जाणाऱ्या शिपायांनी आपलं सगळं पणाला लावलं.

पाण्याखाली गेलेलं

तिलवाऱ्याला येणारं पाणी वर बरगी धरणातून येतं. १९९० च्या सुमारास ते पूर्ण झालं आणि १६२ गावं त्याने बाधित झाली. उठलेल्यांत मोठा वाटा गोंडांचा. नाईलवर असवानचं मोठं धरण १९६० च्या दशकात झालं तेव्हा इजिप्त आणि सुदान मिळून लाखाच्या आसपास नुबियन घराबाहेर पडले. वाडी हाल्फा हे त्यांचं शहर बुडालं. जगाने बुहेन आणि सेमनाची देवळं दगड दगड उचलून खार्तूमला आणली, ती मी तिथल्या संग्रहालयाच्या बागेत पाहिली आहेत. २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं आणि तेच संग्रहालय लुटलं गेलं. धरणातून वाचलेलं युद्धात सापडलं.

धरणं नकोत असं मी म्हणत नाही. जबलपूरच्या नळाला आणि शेताला त्याच पाण्याचा आधार आहे. पण ज्या लोकांनी कागदापेक्षा गाव, देवराई आणि गाणं यांत आपला इतिहास ठेवला, त्यांचं गाव बुडतं तेव्हा नुसती जमीन जात नाही, त्यांचं दफ्तरही जातं. देवळं हलवता येतात. सरईच्या झाडाखालचं कुळाचं ठाणं कसं हलवणार?

जबलपूरला आलात तर

भेडाघाटचा संगमरवर सगळेच पाहतात, जरूर पाहा. पण एक दिवस जास्त काढा. सकाळी मदन महाल, मग संग्राम सागर आणि बाजनामठ, दुपारी राणी दुर्गावती संग्रहालय. आणि मंडला रस्त्यावर बरेलाजवळ नर्रई नाल्याला राणीची समाधी आहे, तिथे नक्की जा. शत्रूच्या लिखाणात राणीची फौज, हत्ती आणि गर्व मोजलेला आहे. इथे तिची आठवण ठेवणाऱ्यांची रीत वेगळी आहे. वाटसरू आसपास जो सर्वांत सुंदर पांढरा दगड मिळेल तो उचलून समाधीवर ठेवतो. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी स्लीमन इथून गेला तेव्हाही लोक हेच करत होते, आणि त्याने ते लिहून ठेवलं आहे. जवळच्या दोन खडकांना लोक राणीचे दगड झालेले नगारे म्हणत, हेही त्यानेच नोंदवलं.

दगड निवडायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ द्या.

जय हिंद.